सोमवारी फरशी कोरडी होती

हे मी कुणाच्या कानावर घातलेलं नाही. पोराला नाही, सुनेला नाही, मठातल्या स्वामींना नाही. जिला पहिल्यांदा सांगायला पाहिजे होतं ती आता नाही, आणि ती गेल्यापासून हे माझ्या छातीवर बसून आहे — खाली उतरत नाही. मी चौथी शिकलेला माणूस. लिहायची सवय म्हणजे पावतीवर गिऱ्हाइकाचं नाव घालायचं, एवढीच. तेव्हा कुठं अडखळलो तर अडखळू द्या. पावणं, तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तेही जात नाही.

कुठनं सुरू करू? भांड्यांपासनं करतो. भांड्यांचं बोलायला जीभ अडत नाही.

नव्वदनंतरची काही वर्षं माझा धंदा भाड्यानं भांडी द्यायचा. पातेली, पराती, झारे, पाण्याची पिंपं. शाहूपुरीच्या मागच्या गल्लीत घर, पुढं दुकान, आणि दुकानाच्या आत एक बिनखिडकीची खोली — तिथं भांडी छतापर्यंत रचलेली. या धंद्यात एक रीत होती. माझी एकट्याची नव्हे, सगळ्यांचीच. मुहूर्ताच्या दिवशी घरात जेवढी भांडी असतील त्याच्या दुप्पट भांडी लोकांना "देतो" म्हणायचं. सकाळच्या लग्नाची शेवटची पंगत उठायच्या आत टेम्पो तिथं उभा. भांडी आणायची, घासायची, आणि ओलीच्या ओली संध्याकाळच्या मांडवात पोचवायची. कुणाचं काही अडलं नाही. एखादी परात कमी पडलीच तर ओळखीच्या दुकानातनं उचलायची. "अण्णा कधी न्हाय म्हणत न्हाईत" — असं लोक बोलायचे. मला ते फार गोड लागायचं. इतकं गोड, की "न्हाय" म्हणायची ताकदच माझ्यात राहिली नाही. हे तेव्हा कळलं नव्हतं.

ती भांडी घासायची निला. माझी बायको — निलव्वा. निपाणीच्या पलीकडची, माहेरी कानडी बोलणारी. लग्न होऊन आली तेव्हा मराठी तोडकं-मोडकं, पण पुढं माझ्यापेक्षा चांगलं बोलायला लागली. परातींच्या ढिगात बसून राखेनं घासताना कानडीत काहीतरी पुटपुटायची. शिव्या देती का गाणं म्हणती, मला कधी कळलं नाही. विचारलंही नाही मी.

मग लग्नाच्या हॉलवाल्यांनी स्वतःचीच भांडी घेतली आणि माझा धंदा बसला. दोन हजार साल उलटून गेलं होतं. पोरगा शिकून पुण्याला नोकरीला लागला. मी दुकानात माशा मारत बसलेलो. अशात उचगावचा सदा यायचा. सदा म्हणजे लग्नाचं शूटिंग करणारा, तोंडाचा फाटका पण कामाचा पक्का. तो म्हणाला, आता शूटिंग नुसतं काढून भागत नाही, कॉम्प्युटरवर घालून कापाकापी करावी लागते, गाणी जोडावी लागतात, आणि त्याला डिस्कवर जागा फार लागते. एकेकट्याला परवडत नाही. तेव्हा माझ्या डोक्यात आलं — जागा भाड्यानं द्यायची! भांडी दिली तशी. पुढच्या दुकानात चार कॉम्प्युटर मांडायचे, शूटिंगवाल्यांनी येऊन काम करायचं, आणि सगळ्यांचं शूटिंग आतल्या खोलीत एकाच मोठ्या पेटीत राहायचं. त्या पेटीला सर्व्हर म्हणतात हे मला महावीरनं शिकवलं.

महावीर म्हणजे आमच्या गल्लीतला जैनाचा पोरगा, कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. मोजकं बोलणारा. त्यानं पेटी आणली, वायरी ओढल्या, सदा आणि आणखी तीन शूटिंगवाले आले त्या चौघांना चार ड्राइव्ह वाटून दिले. ड्राइव्ह म्हणजे काय, तर प्रत्येकाच्या पडद्यावर त्याच्या नावाचं एक कपाट दिसायचं, त्यात त्यानं आपलं शूटिंग ठेवायचं. मी म्हणालो, कपाटं मोठी दिसू देत, गिऱ्हाईक खूश झालं पाहिजे. महावीर म्हणाला, तसं करता येतं. पण काम झाल्यावर त्यानं मला आत बोलावलं.

"अण्णा, ध्यानात ठेवा. चौघांना मिळून जेवढी जागा दाखवलीया तेवढी पेटीत न्हाय. ही पातळ वाटणी. ज्याला लागंल तशी आतनं जागा मिळत जाती. पण आतली भरली, की ड्राइव्ह आपोआप सुटणार. लिहिता लिहिता सुटला तर आतलं जाऊ बी शकतंय."

"लगीन काय चौघांची एकदम असत्यात व्हय?"

"वैशाखात असत्यात की," तो म्हणाला.

मी हसलो. तो हसला नाही. त्यानं मला पडद्यावर एक पट्टी दाखवली. हिरवी असली तर ठीक, लाल झाली की नव्या डिस्का घ्यायच्या नाहीतर कुणाला तरी रिकामं करायला सांगायचं. आणि म्हणाला, शूटिंगवाल्यांना हे एकदा समजावून सांगा. मी "सांगतो" म्हणालो. थोड्या दिवसांनी त्याला बंगळूरला नोकरी लागली, तो गेला. मी सांगितलं नाही. सांगायचं काय? की बाबांनो, तुम्हाला दाखवलेलं कपाट अर्धं खरं, अर्धं नुसतं रंगवलेलं आहे? भांड्यांच्या वेळी कुणाला सांगितलं होतं?

पहिलं वर्ष निभावलं. दुसऱ्या वर्षी लग्नाचा हंगाम आला आणि एका दुपारी सदा पुढनं ओरडला, "अण्णाऽ, गेला की!" मी जाऊन बघतो तर त्याच्या पडद्यावर ड्राइव्हच नाही. कपाट भिंतीवरनं कुणी उचलून न्यावं तसं. थोड्या वेळानं दुसऱ्याचाही गेला. पेटी बंद करून चालू केली, तर आले परत. दोन दिवस बरं चाललं. पुन्हा गेले.

आता ऐका. मी त्याच दिवशी आत जाऊन पट्टी बघितली होती. लाल होती.

बघितली, आणि पडदा बंद केला. आणि बाहेर येऊन सगळ्यांच्या बरोबरीनं शोधायला लागलो, की बिघाड कुठं आहे! माझी धावपळ सगळ्यांत जास्त. वायर बदलली. वायरी जोडायची डबी बदलली. कुणी म्हणालं लाइट कमी-जास्त होती, तर बॅटऱ्या बदलल्या. कुणी म्हणालं अर्थिंग कच्चं आहे, तर मागच्या बोळात खड्डा खणून कोळसा-मीठ घातलं आणि रोज दोन बादल्या पाणी ओतायला लागलो. एकानं तर पेटीला लिंबू-मिरची बांधली. मी बांधू दिली. मधेच कुणी आपलं झालेलं लग्न काढून टाकायचा, तेवढी जागा मोकळी व्हायची, आणि ड्राइव्ह चार दिवस टिकायचा — मग लोक म्हणायचे, मिठानं गुण आला. मी मान डोलवायचो. "अण्णाऽ" अशी हाक आली की मी ताटावरनं उठून वायरीच चाचपायला लागायचो. फोन वाजला की वाटायचं महावीरचा असेल. तो सहज सदाला फोन करून विचारेल — काय रे, पट्टी बघताय का? रात्री नीट झोप नाही, दिवसा चित्त नाही. आणि एवढं सगळं कशासाठी? एक वाक्य बोलायचं नव्हतं म्हणून.

रिकामं करा म्हणावं, तर कुणाला म्हणू? सगळ्यांचीच कामं अर्धी. लग्न जेवून उठलं की पातेलं मोकळं होतं, शूटिंग होत नाही. ते जिथं ठेवलं तिथंच बसतं. एवढी साधी गोष्ट, आणि माझ्यासारख्या भांडीवाल्याला ती आधी कळू नये?

शेवटी सदानं हट्ट धरला म्हणून मी पोराला कळवलं आणि त्यानं पुण्याहून ओळखीचा एक इंजिनियर पाठवला. तो म्हणाला, ड्राइव्ह अनमाउंट होतोय, म्हणजे पेटीपासनं सुटतोय. पेटीसमोर बसला, आणि चहा थंड व्हायच्या आत त्याला सगळं कळलं. दार लोटून मला म्हणाला, काका, आतली जागा संपलीय, डिस्क वाढवा, तोवर सगळ्यांना काम थांबवायला सांगा. मी म्हणालो, सांगतो, मी सांगतो त्यांना, तुम्ही स्टँडवर जा, गाडी चुकंल. त्याला जवळजवळ ढकलूनच काढला मी.

तो गेला, आणि सदा विचारायला लागला, "काय म्हणला सायेब?" बाकीचेही खुर्च्या फिरवून माझ्याकडं बघायला लागले. आणि त्याच वेळी, आम्ही उठल्यावर पुसायला शिरलेली निला आतल्या खोलीतनं बाहेर आली — एका हातात बादली, एका हातात फडकं. ती खोली तीच पुसायची, रोज. पेटीला धूळ चालत नाही असं महावीर एकदा म्हणाला होता, तेव्हापासनं.

माझं तोंड उघडलं आणि त्यातनं बाहेर पडलं, "काय म्हणणार? ही पुसताना वायर हलवती."

पहिलं खोटं ते. ठरवून नव्हतं — पण ठरवून नव्हतं म्हणून काय कमी झालं? सगळे हसले. बिघाड सापडला म्हणून हसले बिचारे. सदा म्हणाला, "काकू, फडकं फिरवताय का रोडरोलर?" निलानं तोंडाला पदर लावला. "अय्य शिवा, मीच व्हय?" म्हणाली, आणि तीही हसली. मीही हसलो. तेव्हा ते एवढंसंच होतं. घरातल्या बाईवर ढकललं, झालं. तुम्ही पण ढकललं असेल कधीतरी — नाही, ते राहू दे. तुमचं मला काय करायचंय.

त्या दिवसापासनं ती खाली बसून, हातानं, वायरीपासनं लांब लांब पुसायला लागली. अंग चोरून. आणि तरी ड्राइव्ह जायचा. गेला की सगळ्यांची मान आधी आतल्या दाराकडं वळायची. कुणी काही बोलायचं नाही, निला वयानं मोठी, सगळ्यांना चहा करून देणारी. पण मान वळायची. आणि ती दारात उभी राहून पदराचं टोक पिळायची.

आता सुमनचं सांगतो. हे सांगायचं टाळत होतो म्हणून एवढा वेळ वायरी आणि मीठ.

सुमन सदाच्याच गावची, उचगावची. तिचं लग्न त्या वैशाखात झालं, शूटिंग सदाचं. सदा कापाकापी करत होता तेव्हा मी मागं उभा राहून बघितलं होतं. तिचा बाप — हाडकुळा, मोठ्या मिशीचा माणूस. पोरगी सासरी निघाली, बाया रडतायत, आणि यानं काय करावं? स्वतःची टोपी काढून व्याह्याच्या डोक्यावर ठेवली आणि माइक हातात घेऊन म्हणाला, "आता राग आला की टोपीकडं बघायचं, पोरीकडं न्हाय." मांडव हसला. सुमन रडता रडता हसली. मी पण सदाच्या खुर्चीमागं हसलो. एवढं एवढं माणूस, पण पडदाभर पसरलं होतं.

लग्न होऊन महिना झाला नसेल, तो बाप गेला. शेतातच पडला. सुमननं सदाला निरोप धाडला — बाकीचं लग्न कधी पण द्या, बाबांचं तेवढं लवकर द्या. फोटो होते हो त्यांच्याकडं. पण फोटो बोलतो का?

आणि कॅसेट म्हणाल, तर त्या नव्हत्या. शूटिंगवाल्यांची रीत अशी, की कॅसेटवरचं एकदा पेटीत उतरलं की त्याच कॅसेटवर पुढचं लग्न काढायचं. माझ्याकडं जागा भरपूर आहे, या भरवशावर ते कॅसेट पुसत होते. माझ्या भरवशावर. सुमनच्या लग्नाच्या कॅसेटवर दुसऱ्या कुणाची तरी वरात चढली होती.

तो सोमवार. चौघंही कामाला बसलेले, चौघांचंही शूटिंग आत उतरत होतं. जेवायच्या वेळेच्या सुमाराला चारी ड्राइव्ह एकदम गेले. पेटी बंद करून चालू केली. तिघांचे आले. सदाचाही आला — पण उघडला तर आत कचरा. नावं होती, नावांच्या आत काही नव्हतं. पुण्याला फोन केला, तो इंजिनियर म्हणाला, लिहिता लिहिता सुटलाय, आता काही होणार नाही. माझ्याशी तो तुटकच बोलला. त्याला माहीत होतं की.

सदा एकेक नाव उघडून बंद करत राहिला. मग मान न वळवता म्हणाला, "काकू कुठं हायत?"

इथं मी थांबलो होतो. खरंच थांबलो होतो. एक श्वास घेण्याएवढा वेळ मला मिळाला होता — पुढं कधी कुणी विचारलं तर वेळच मिळाला नाही असं मी म्हणू शकत नाही.

मी म्हणालो, "सकाळी पुसून गेलीया."

पावणं, ती गेलीच नव्हती त्या खोलीत. निला सोमवारचा उपास धरायची. सकाळी उठून मठात, आणि त्या दिवशी मठातनं तशीच तिच्या आजारी बहिणीकडं. मी पेटी चालू-बंद करायला आत गेलो तेव्हा फरशी कोरडी होती. धुळीत माझीच पावलं उठली होती. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, आणि बाहेर येऊन बोललो.

ऊन उतरल्यावर ती आली. हातात प्रसादाचं केळं. दुकानात बाकीचे पडद्यात डोकं घालून बसलेले, सदा निघून गेलेला. तिनं माझ्या तोंडाकडं बघूनच ओळखलं काहीतरी झालंय. मी सांगितलं — सुमनच्या बाचं शूटिंग गेलं, वायर हलली. तिनं हातातलं केळं काउंटरवर ठेवलं. मग म्हणाली, "पण मी आज पुसलंच न्हाय. मठातनं तसाच अक्काकडं गेलतो की मी."

"पुसलंस," मी म्हणालो. "जायच्या आदी पुसलंस. तुझ्या ध्यानात न्हाय."

तिनं माझ्याकडं बघितलं. भांडेल असं वाटलं होतं मला. भांडली असती तर मी कदाचित — नाही, तेही खरं नाही. ती भांडली नाही. नुसतं म्हणाली, "व्हय?" आणि कपाळाला आठ्या घालून आठवायला लागली. सकाळपासनं काय काय केलं ते बोटांवर मोजत, कानडीत. बादली कुठं ठेवली होती. नळाला पाणी किती वाजता आलं होतं. मोजता मोजता मधेच थांबली, आणि तिच्या तोंडावर मला दिसलं, की तिनं स्वतःला खोटं ठरवलं. मला नाही. स्वतःला.

का ठरवलं? कारण मी फटकळ माणूस. लग्न झाल्यापासनं तिला टोचून बोललो, चारचौघांत बोललो, भाजीत मीठ नसलं तर ताट सरकवलं. पण खोटं बोललो नव्हतो. तोंडावर बोलणारा माणूस खोटं बोलत नसतो, असं लोकांना वाटतं. तिलाही वाटलं. माझ्या फटकळपणाची अब्रू होती, ती मी अशी वापरली.

हीच ती गोष्ट. डिस्क भरली ही नव्हे, वायरीचं खोटं हेही नव्हे. तिला तिचा स्वतःचा दिवस आठवत होता, आणि तो मी तिच्या हातातनं काढून घेतला.

सुमन आली दोन दिवसांनी. ओरडली नाही, काही नाही. फक्त विचारलं, "थोडं तरी? दिसायचं नसंल तर नुसता आवाज तरी?" निला आतनं आली आणि त्या पोरीच्या पायावर पडली. म्हणाली, माझ्या हातनं झालं, बाळ, माझ्या हातनं झालं. सुमन तिला उठवायला लागली, दोघी तिथंच फरशीवर बसून रडल्या. मी काउंटरच्या मागं होतो. मधे लाकडी फळी होती. फळी उचलून पुढं जायला किती वेळ लागतो?

त्यानंतर मी राहिलेली सगळी भांडी मोडीत घातली आणि नव्या डिस्का आणल्या. इंजिनियर पुन्हा आला, पट्टी हिरवी झाली. निलाला एवढंच सांगितलं, भांडी आता कोण घेतंय; डिस्कांचं नाव काढलं नाही. तिनं आतल्या खोलीत पाऊल टाकायचं सोडलं होतं, फरशी मीच पुसायचो. आणि ड्राइव्ह जायचे थांबले. एकदाही गेले नाहीत. कुणाला शंका असलीच तर ती पण मिटली. एक दिवस ती चहा गाळता गाळता मला म्हणाली, "बघा, मी जायचा थांबलो तसं थांबलं." स्वतःच्या तोंडानं म्हणाली. पुरावा मिळाल्यासारखी. मी बशीत चहा ओतला आणि पिलो.

मग तिचं ते सुरू झालं. गॅस बंद केला का, म्हणून रस्त्यातनं परत यायची. कुलूप ओढून बघायची, जिना उतरायची, पुन्हा चढून ओढायची. आमटीत मीठ घातलं का घातलं नाही, या भीतीनं घालायचीच नाही, आणि मग माझ्या ताटाकडं बघत उभी राहायची. "माझं डोकं जाग्यावर न्हाय," म्हणायची. "मी करतो आणि मला कळतच न्हाय." पोरानं डॉक्टरला दाखवलं. डॉक्टर म्हणाले तसं काही नाही, वयाचं असेल. मी शेजारच्या खुर्चीवर बसलेलो. औषध माझ्याकडंच होतं, नाही का? आणि सगळ्यांत वाईट काय, तर काहीही झालं की ती मलाच विचारायची — "अवं, दार मीच उघडं टाकलं का?" मी हो म्हणालो तर हो. नाही म्हणालो तर नाही. तिच्या डोक्यावर मालकी माझी. कधी कधी मी कंटाळून, खरं न बघताच "व्हय, तूच" म्हणून टाकायचो.

एकदा सांगायला गेलतो. पोरानं गाडीतनं पन्हाळ्याला नेलं होतं. पोरगा-सून पुढं गेले, आम्ही दोघं तटबंदीच्या सावलीला बसलो. वारा चांगला होता. मी म्हणालो, "निला, ते सुमनचं जे झालं..." तिनं माझा हात घट्ट धरला. "नगं. त्याचं नाव काढू नगा. मला मग चार-चार दिवस झोप लागत न्हाय." मी गप्प बसलो. आणि वर मनाला सांगितलं, बघ, तिलाच ऐकायचं नाही. किती सोयीचं! तिला झोप कशामुळं लागत नव्हती, हे मला माहीत असताना.

मागच्या साली ती आजारी पडली. पोटाचं दुखणं, उशिरा कळलं. दवाखान्यात सुमन भेटायला आली. आता तिला एक मुलगी आहे, तिला घरी ठेवून आली होती. निलाच्या अंगात उठायची ताकद नव्हती, तरी तिनं हात जोडले. आवाज निघत नव्हता, ओठच हलत होते, पण काय म्हणतीया ते खोलीतल्या सगळ्यांना कळलं. सुमन तिचे जोडलेले हात सोडवत म्हणाली, "काकू, मी कवाच इसरलो ओ ते. बाबा असते तर त्यांनीच तुमची चेष्टा केली असती." निलाच्या डोळ्यांतनं पाणी कानाकडं ओघळलं, आणि तिचा चेहरा सैल झाला. किती दिवसांनी सैल झाला.

मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो, हातात चहाचा थर्मास. सुमन तिथं, निला तिथं, मी तिथं. तिघंही एका खोलीत असं पुन्हा व्हायचं नव्हतं, हे मला त्या क्षणी कळत होतं. नंतर मी मनाला सांगितलं, की आजारी माणसाला धक्का नको म्हणून गप्प बसलो. खोटं आहे. मला तिच्या नजरेची भीती वाटली. ती मरायच्या आधी माझ्याकडं कशी बघेल, याची. तिला माफी मिळाली — न केलेल्या गोष्टीची. ती घेऊन ती गेली.

मातीला माणसं बरीच आली होती. माती देऊन आल्यावर दुकानाच्या फरशीवर सगळे टेकले. सदा माझ्या शेजारी बसला होता. त्याचे केस पिकलेत आता. बायकांत सुमन होती. मग सदा म्हणाला, "काकूसारखी बाई न्हाय बघा अण्णा. जल्मात एकदाच चूक झाली हातनं, पण स्वतःच्या तोंडानं मानली. कोण मानतंय आजकाल?"

माणसांनी माना हलवल्या. मग सगळे माझ्याकडं बघायला लागले, नवऱ्यानं काहीतरी बोलावं म्हणून.

"व्हय," मी म्हणालो.